पट्टीवरचा गहाळ आकडा

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन. आत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतो आणि तीन प्रतींची कार्बनपट्टी बाहेर येते. लेझरचं इथे काम नाही. सुया आपटल्याशिवाय खालच्या प्रतीवर अक्षर उठत नाही.

गेल्या हंगामात एका काट्यावर पडद्यावर २४३० किलो दिसत होते, पट्टीवर ४३०. "माझे वीस क्विंटल कुठं गेले हो?" शेतकऱ्याचा आवाज कापत होता.

काटा ठीक होता. प्रिंटर नवा होता आणि त्याची भाषा वेगळी लागली होती. प्रिंटरला हुकूम द्यायचा तर आधी २७ क्रमांकाचा संकेत जातो, त्याला एस्केप म्हणतात. एप्सनच्या भाषेत एस्केपपुढे ४ आला की अक्षरं तिरकी, ५ आला की पुन्हा सरळ. जुना प्रोग्रॅम 'निव्वळ वजन' हे शब्द इंग्रजीत, तिरके छापायचा. आयबीएमच्या प्रोप्रिंटरच्या भाषेत मात्र ४ म्हणजे 'पान इथून सुरू', आणि ५ म्हणजे 'ओळ आपोआप सरकवायची का, ते पुढच्या अक्षरावरून ठरव'. पुढचं अक्षर होतं २. प्रिंटरने ते उत्तर समजून गिळलं. पट्टी सकाळपासून छिद्रांच्या रेघेवर फाटत नव्हती, दर वेळी खाली सरकत होती. ती त्या ४ची करणी.

हुकूम मुळीच ओळखीचा नसेल तर? एप्सनच्या जुन्या हुकमांत पुढची किती अक्षरं हुकमाची, हे प्रिंटरला आधीच पाठ असावं लागतं. नसेल तर उरलेली अक्षरं मजकूर म्हणून कागदावर उमटतात. ह्यूलेट-पॅकार्डच्या पीसीएलमध्ये, १९८४च्या लेझरजेटपासून गाजलेल्या भाषेत, लांब हुकूम मोठ्या लिपीतल्या अक्षराने संपतो. अर्थ कळला नाही तरी शेवट कळतो, म्हणून प्रिंटर तेवढं सोडून पुढे जातो. ही रचना मला फार शहाणी वाटते. तरी एस्केप-ई तिथेही फसवतो: एप्सनला तो ठळक अक्षराचा हुकूम, पीसीएलला सगळं पुसून नव्याने सुरुवात करण्याचा. नाव ठळक करायला जावं, तर अर्धं पान बाहेर.

देवनागरीचं आणखी नाजूक. बहुतेक प्रिंटरांच्या पोटात ती नसतेच, म्हणून अक्षर ठिपक्यांचं चित्र करून पाठवतात. 'चित्राचे इतके रकाने येताहेत' हा हुकूम चुकला, की शेतकऱ्याच्या नावाजागी निरर्थक चिन्हांची रांग.

काटा तपासताना एक पट्टी काढून पडद्याशी ताडून पाहायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

त्या काट्यावरचा प्रिंटर बंद केला, बटण दाबून धरत पुन्हा सुरू केला, भाषा एप्सन केली. नवी पट्टी आली. शेतकऱ्याने तिन्ही प्रती मागून घेतल्या आणि प्रत्येकीवरच्या २वर बोट ठेवून पाहिलं.