आगगाडीचा खेळ आणि जुईनगरची जमीन

आगगाडीचा धंदा भाड्यावर चालतो, अशी सामान्य समजूत आहे. सिड मायर यांचा ‘रेलरोड टायकून’ हा संगणकावरील खेळ १९९० सालीं निघाला, त्यानें ही समजूत बरीच ढिली केली. खेळणाऱ्यास थोडें भांडवल मिळतें. त्यांतून रूळ टाकावयाचे, स्थानकें बांधावयाचीं, रोखे विकून कर्ज उभारावयाचें आणि प्रतिस्पर्ध्यांचे भाग विकत घ्यावयाचे. रुळांचा खर्च आज, उत्पन्न मात्र उद्यां. मधल्या काळांत व्याज थांबत नाहीं. हौशी खेळाडूंचें दिवाळें बहुधा येथेंच वाजतें.

हाच पेंच ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीपुढें होता. मुंबईंत नाना शंकरशेट यांच्यासारखे पुढारी खटपट करीत असतांही विलायतेंतील भांडवलदार धजेनात. तेव्हां १८४९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें शेंकडा ५ व्याजाची हमी दिली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली, ती ह्या हमीच्या बळावर. तूट आली तर भरणार सरकारी तिजोरी, म्हणजे अखेर रयतच! खेळांत असा जामीन कोणास मिळत नाहीं.

जुईनगरची तजवीज निराळी. खाडीपलीकडे नवें शहर वसविण्यासाठीं १९७० सालीं ‘सिडको’ स्थापन झाली. परंतु गाडी नाहीं म्हणून वस्ती वाढेना, आणि वस्ती नाहीं म्हणून रेल्वे गाडी आणण्यास उत्सुक नव्हती. शेवटीं मानखुर्द ते बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारें दोन-तृतीयांश भार सिडकोनें उचलला. १९९२ सालीं खाडी ओलांडून गाडी वाशीस आली, १९९३ सालीं बेलापुरास पोंचली. जुईनगर ह्याच वाटेवर आहे. पुढें ठाण्याहून तुर्भ्यामार्गें येणाऱ्या गाड्याही तेथें थांबूं लागल्या. घातलेल्या पैशाची कांहीं फेड तिकिटांवरील अधिभारांतून झाली, पण खरी भिस्त जमिनीवर होती. स्थानक आलें कीं भोंवतालच्या भूखंडांचा भाव चढतो; वाशीस तर स्थानकाच्या डोक्यावरच कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. रुळांनीं माणसें आणावयाचीं आणि त्यांच्या येण्यानें वाढलेल्या किंमतींतून रुळांचें मोल वसूल करावयाचें, असा हा व्यवहार.

पण ती जमीन मूळची कोणाची? खेळाच्या नकाशावर नद्या, डोंगर, शहरें दिसतात. शेतकरी दिसत नाहीं. येथें ९५ गांवांतील आगरी-कोळ्यांचीं भातशेतें व मिठागरें सरकारनें संपादून सिडकोच्या स्वाधीन केलीं. मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण-जासई भागांत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांनीं प्राण गमावले. त्यानंतर संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याची योजना आली. टक्केवारी सर्वांस सारखी. परंतु भूखंड स्थानकालगत पडला कीं दूर खाडीकांठीं, यावर त्याची किंमत ठरते.