विश्लेषण : मेरिनो लोकरीचा जाळीदार स्टोल विणायला किती तास लागतात? त्याची किंमत कशी ठरवावी?

हाताने विणलेला लोकरीचा स्टोल प्रदर्शनातल्या स्टॉलवर लोक हातात घेतात, किंमत विचारतात आणि ‘एवढ्यात मशीनवरचे तीन येतील’ म्हणत परत ठेवतात. विणणारीही बहुतेक वेळा लोकरीचा खर्च आणि वर थोडे पैसे एवढाच भाव सांगते. तिचे तास हिशेबात येतच नाहीत. हाताच्या कामाच्या तासाला मोल किती, हा प्रश्न वर्ध्यासाठी जुना आहे. १९३५ मध्ये सूतकताईच्या बाबतीत याच शहरात त्यावर ठराव झाला होता. तोच हिशेब विणकामाला लावला तर काय चित्र दिसते?

मेरिनो लोकर वेगळी कशी?

मेरिनो ही मेंढीची मूळ स्पेनमध्ये नावारूपाला आलेली जात. आज ऑस्ट्रेलिया हा या लोकरीचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. मऊपणाचे कारण तंतूची जाडी. मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचे टोक त्वचेला टोचू लागते. महाराष्ट्रातल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. ती घोंगडीसाठी उत्तम, पण गळ्याभोवती घ्यायच्या स्टोलसाठी नाही.

वर्ध्याच्या हवेलाही हा स्टोल सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो आणि दुपारी ऊन तापते. जाड स्वेटर दिवसभर सांभाळावा लागतो. जाळीदार स्टोल घडी करून पिशवीत जातो.

जाळी कशी तयार होते?

दोन सुयांवरच्या विणकामात सुलट आणि उलट हे दोनच मूळ टाके. जाळीसाठी दोन टाक्यांच्या मध्ये धागा सुईवरून नुसता फिरवून घेतात. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला की तिथे भोक पडते. पण यामुळे एक टाका वाढतो. म्हणून त्याच ओळीत कुठेतरी दोन टाके एकत्र विणून एक कमी करतात. वाढवलेले आणि कमी केलेले टाके समान राहिले तर कापडाची रुंदी कायम राहते. कमी करायची जागा बदलली की पाने, लाटा, हिरे असे नक्षीचे प्रकार तयार होतात.

यातली जोखीमही इथेच आहे. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. जाळीत तो अनेक ओळी उसवत जातो आणि नक्षी पुन्हा जुळवणे कठीण होते. म्हणून दर १०-१२ ओळींनंतर टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवतात. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागते.

विणून झाल्यावर काम संपते का?

नाही. सुईवरून उतरलेला स्टोल आक्रसलेला आणि चुरगळलेला दिसतो. तो कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, हव्या त्या मापाला ताणून टाचण्या लावतात आणि सावलीत वाळवतात. लोकर केराटिन या प्रथिनाची असते. ओली झाल्यावर तिच्यातले काही बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. त्यामुळे भोके उघडी राहतात. सुती धागा असा आकार धरत नाही; त्याला लोकरीसारखी लवचिकता नसते.

गरम पाणी आणि घासणे मात्र टाळावे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ते एकमेकांत अडकले की स्टोल आटून जाड होतो आणि पूर्ववत होत नाही.

एका स्टोलला किती तास?

५० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब स्टोल घेऊ. ताणून वाळवल्यावर १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके आणि २४ ओळी बसत असतील, तर एका ओळीत ९० टाके आणि एकूण ४३२ ओळी होतात. म्हणजे ३८,८८० टाके. मिनिटाला सरासरी २० टाके धरले तर सुमारे साडेबत्तीस तास. टोके लपवणे, धुणे, टाचण्या लावणे मिळून ३५ तास धरावेत. रोज दोन तास बसले तरी अडीच आठवडे.

वर्ध्यात १९३५ मध्ये काय ठरले?

त्या काळी खादीसाठी सूत कातणाऱ्यांना, त्यातही बायकांना, दिवसाला अगदी तुटपुंजी मजुरी मिळे. खादी स्वस्त राहावी म्हणून ती चालवून घेतली जात होती. गांधीजींनी याला हरकत घेतली. अखिल भारत चरखा संघाने ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत ठराव केला : आठ तासांच्या कार्यक्षम कामाच्या हिशेबाने निदान अन्न आणि वस्त्र भागेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे. दिवसाला आठ आणे हे गांधीजींचे उद्दिष्ट होते. मजुरी वाढली तशी खादी महागली आणि विक्रीची काळजीही वाढली. तरीही आधी मजुरी आणि मग किंमत हा क्रम मान्य झाला.

मग स्टोलची किंमत कशी ठरवावी?

याच क्रमाने. समजा लोकरीला १,२०० रुपये लागले आणि तासाला ६० रुपये मजुरी धरली. ३५ तासांचे २,१०० रुपये आणि लोकर मिळून ३,३०० रुपये होतात. हाच स्टोल १,८०० रुपयांना विकला तर हातात ६०० रुपये उरतात, म्हणजे तासाला जेमतेम १७ रुपये.

गिऱ्हाईक ३,३०० देणार नसेल तर मजुरी कापण्याऐवजी काम बदलता येते. थोडी जाड लोकर आणि मोठी सुई घेऊन १० सेंटिमीटरमध्ये १४ टाके आणि १८ ओळी बसवल्या, तर त्याच मापाच्या स्टोलला २२,६८० टाके लागतात. विणायचा वेळ १९ तासांवर येतो.

सुरुवातीला काय करावे?

१५ सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून, धुऊन, ताणून वाळवावा आणि विणायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. त्यावरून टाके, लोकर आणि तास तिन्हींचा अंदाज मिळतो. सगळी लोकर एकाच वेळी, एकाच रंग-लॉटची घ्यावी. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा वेगळी निघू शकते. भाव सांगायचा तो हा हिशेब झाल्यावर. गिऱ्हाइकाने ‘एवढे महाग?’ विचारले, तर तासांचा कागद दाखवता येतो.