जर-तरचा हिशेब

आमच्या बँकेत ठेवींवरच्या व्याजाचा एक प्रोग्राम होता. ज्येष्ठ नागरिकाला जादा दर, मुदतीआधी ठेव मोडली तर दंड. दर परिपत्रकागणिक त्यात एक ‘जर-तर’ वाढे. एका आजींचं व्याज चुकलं. का, ते कुणालाच सांगता येईना.

असा गुंता मोजता येतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सोपी रीत मांडली : निर्णयाचे फाटे मोजा, त्यात १ मिळवा. उत्तर १०च्या वर गेलं की प्रोग्रामचे तुकडे करा. नियम तेवढेच राहतात. पण एकेक तुकडा एका माणसाच्या डोक्यात मावतो, तपासता येतो.

आजींना तरी दुसरं काय हवं होतं? चूक दाखवू शकणारा एक माणूस!