भाव दिसतो, पण गिऱ्हाईक आहे का? कमी उलाढालीच्या शेअरपासून सावध राहा

समजा, तिकोणा पेठेत वर्षभरात जमिनीचे चारच व्यवहार झाले. एका एजंटने 2 गुंठे आपल्याच माणसाकडून चढ्या दराने घेतले आणि गावभर सांगितले, 'आता हाच रेट चालू आहे.' त्या रेटने तुम्ही 20 गुंठे विकायला काढा, गिऱ्हाईक मिळणार नाही.

कमी उलाढालीच्या शेअरचे असेच असते. दिवसाला जेमतेम काही शेकडा शेअर्सची खरेदी-विक्री होत असेल, तर मोठा ट्रेडर थोड्या पैशांत भाव वर नेऊ शकतो. दोन-चार खात्यांतून आपसातच व्यवहार केले की उलाढालही वाढलेली दिसते. रोज 5 टक्के वाढ झाली तर बाजाराच्या 15 दिवसांत भाव दुप्पट होतो. मग टेलिग्रामवर 'टिप' फिरते. आपण घेतो, ते विकतात.

मार्केट मेकर म्हणजे खरेदी आणि विक्री, दोन्हीचे भाव देणारा दलाल. छोट्या कंपन्यांच्या एसएमई बाजारात लिस्टिंगनंतर किमान 3 वर्षे तो ठेवावाच लागतो. काम चांगले आहे, विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. पण बाजारात दुसरे कोणी नसेल, तर त्याने लावलेला भाव हाच भाव ठरतो.

साधना ब्रॉडकास्टचे उदाहरण पाहा. 2022 मध्ये एप्रिलपासून या शेअरचा भाव आणि उलाढाल वाढली. जुलैच्या उत्तरार्धात यूट्यूबवर खोटे व्हिडिओ आले की, कंपनी एक मोठा उद्योगसमूह घेणार आहे. छोटे भागधारक 2,167 वरून 55,343 झाले. चढ्या भावात काही मोठ्या भागधारकांनी आपले शेअर विकून टाकले. सेबीने 2 मार्च 2023 रोजी अंतरिम आदेश काढून संबंधितांवर बंदी घातली. पण तोपर्यंत अनेकांचा पैसा अडकला होता.

आपल्याकडे बरेच जण 'शेअर हलाल आहे ना?' एवढेच विचारतात. हलालची यादी कंपनीचा धंदा आणि व्याजी कर्ज तपासते, भाव फुगवलेला आहे का ते तपासत नाही. स्वतःला घ्यायचे नसताना दुसऱ्याला भरीस घालायला बोली वाढवणे म्हणजे नजश. हदीसमध्ये त्याला साफ मनाई आहे.

म्हणून हजसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा लावण्याआधी एवढे पाहा :

• रोज किती शेअर्सची उलाढाल होते? त्यात डिलिव्हरी किती?
• खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत अंतर किती?
• बातमी कंपनीने स्वतः एक्स्चेंजला कळवली आहे का?
• शेअर एक्स्चेंजच्या एएसएम किंवा जीएसएम देखरेख यादीत आहे का?

लोअर सर्किट लागले की विकणारे सगळे असतात, घेणारा कोणी नसतो. फसवणूक वाटली तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करा. टिपचे मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.