चेलो सतरंजीवर बसतो तेव्हा

‘सेलो’ असं आमच्या कान्ह्यात कुणाही बाईला म्हणून बघा. तिच्या डोळ्यांपुढे पाण्याची बाटली येईल, नाहीतर मुलाच्या दप्तरातलं पेन. त्याच स्पेलिंगचं एक वाद्य आहे, त्याचा उच्चार मात्र ‘चेलो’, हे मला स्वतःला कळलं तेही चाळिशी उलटल्यावर!

पण मैत्रिणींनो, नाव माहीत नसलं तरी आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. जुन्या हिंदी सिनेमातली दुःखाची गाणी आठवा. गायिकेच्या मागे खालच्या सुरात एक भरदार आवाज येतो, हुंदका आवरून धरल्यासारखा. तो बरेचदा चेलोचा असतो. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हे पाश्चात्त्य वाद्य वाजवणारे बरेच वादक गोव्याचे होते. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. चार तारा आणि गज. खुर्चीवर बसायचं, वाद्य दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचं आणि खालची दांडी जमिनीला टेकवायची. आता यात काय मोठंसं, असं वाटेल. पण ‘दोन गुडघ्यांच्या मध्ये’ हेच बायकांना फार महागात पडलं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपला बाईनं असं बसणं अशोभनीय वाटायचं. काही जणी मग दोन्ही पाय एका बाजूला वळवून, कंबर मुरडून वाजवायच्या. आपल्याकडे स्कूटरवर मागे एका अंगाला बसतात ना, तसं. असं बसून तासन्‌तास वाजवून बघा म्हणजे कळेल!

तरीही वाजवणाऱ्या होत्याच. पॅरिसची लिझा क्रिस्तियानी १८२७ साली जन्मली. चेलो घेऊन ती थेट सैबेरियापर्यंत मैफली करत गेली आणि १८५३ मध्ये, तिशीही न गाठता, रशियातच वारली. पुढे पोर्तुगालच्या गिलेर्मिना सुज्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेलोवादक म्हणून मोठं नाव कमावलं. इंग्लंडच्या जॅकलिन द्यू प्रेनं १९६५ मध्ये, विसाव्या वर्षी, एल्गारच्या चेलो कंचेर्टोचं जे ध्वनिमुद्रण केलं ते आजही लोक शोधून ऐकतात. १९७३ च्या फेब्रुवारीत लंडनला हीच रचना ती शेवटची वाजवत होती, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता करत होते. त्याच वर्षी तिच्या आजाराचं निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. वय अवघं अठ्ठावीस. हात थांबले, पण शिकवणं तिनं चालू ठेवलं. १९८७ मध्ये ती गेली.

म्हणजे खुर्चीवर नीट बसून वाजवायचा हक्क मिळवायलाच बायकांची इतकी वर्षं गेली. आणि मग एक बाई आली, जिनं ती खुर्चीच बाजूला सारली!

सास्किया राव-द हास या मूळच्या हॉलंडच्या, जन्म १९७१ चा. लहानपणापासून पाश्चात्त्य पद्धतीनं चेलो शिकलेल्या. पुढे रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात त्यांनी आपलं शास्त्रीय संगीत शिकायला घेतलं. तिथल्या भारतीय संगीत विभागाची धुरा पंडित हरिप्रसाद चौरसियांकडे होती. त्यांच्याकडे त्या शिकल्या. त्यांच्या गुरूंमध्ये दोन मराठी नावं आहेत, म्हणून मला त्या जास्तच जवळच्या वाटतात. एक डॉ. सुमती मुटाटकर, श्रीकृष्ण रातंजनकरांच्या शिष्या, दिल्ली विद्यापीठात अनेक पिढ्या घडवणाऱ्या. दुसरे मुंबईचे पंडित डी. के. दातार.

२०१८ मध्ये दातार गेले तेव्हा व्हायोलिन गायचं थांबलं, असं कितीतरी जणांना वाटलं असेल. त्यांचं व्हायोलिन खरोखरच गायचं. आणि हे व्हायोलिन तरी आपलं कुठे होतं? तेही साहेबाबरोबर आलेलं. उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायचं. आपण त्याला मांडी घालून खाली बसवलं, त्याचं टोक पायावर टेकवलं. त्यामुळे डावा हात मोकळा झाला आणि बोटं तारेवरून लांबलचक घसरू लागली. मींड म्हणतात ती हीच. बसायची पद्धत बदलली म्हणूनच सूर इतके आपलेसे झाले.

आपल्याकडे ‘बैठक’ हा शब्द किती अर्थांनी येतो बघा. बसायची रीत ती बैठक, गाण्याची मैफल ती बैठक आणि अभ्यासाचा पक्का पाया तोही बैठकच. सास्कियांनी चेलोला ही बैठक दिली. मैफलीत तबलजी खाली, तंबोरा खाली आणि आपण तेवढ्या खुर्चीवर, हे त्यांना चालणारं नव्हतं. पण नेहमीचा चेलो उंचीला मोठा. मांडी घालून बसलं तर तो आवरत नाही. म्हणून त्यांनी आकारानं लहान असा खास चेलो करवून घेतला. त्याला चाराऐवजी पाच मुख्य तारा आणि सतारीसारख्या दहा तरफेच्या तारा. या तरफांना हात लावायचा नसतो. मुख्य तारेवर सूर बरोबर लागला की त्या आपोआप झंकारतात. चुकला तर गप्प बसतात. चांगल्या सासूसारख्या म्हणा ना!

ऐकायला हे सोपं वाटतं. पण ज्या बाईनं लहानपणापासून एका मापाच्या वाद्यावर बोटं बसवलेली असतात, तिच्या दृष्टीनं हे हातात मुरलेलं मोडून पुन्हा घडवणं आहे. समोर लिहिलेला कागद ठेवून वाजवणाऱ्याला कागदाशिवाय आलाप करायचा, तोही बैठक बदलून. त्यात दोन्हीकडचे लोक नाकं मुरडणार. तिकडचे म्हणणार, हा कसला चेलो. इकडचे म्हणणार, हे कसलं रागसंगीत. लग्न होऊन परक्या घरी गेलेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. सास्किया तर खरोखरच इथे सासरी आल्या. पंडित रविशंकरांचे शिष्य, सतारवादक शुभेंद्र राव हे त्यांचे पती. दोघांनी दिल्लीत घर केलं, जोडीनं जगभर मैफली केल्या आणि शाळेतल्या मुलांसाठी ‘संगीतफॉरऑल’ हा अभ्यासक्रम उभा केला.

चेलोवर आपलं संगीत वाजवणाऱ्या त्या एकट्याच नव्हेत. आमच्या घाटाखाली, पनवेलजवळच्या पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं ध्रुपद गुरुकुल आहे. या डागरसाहेबांनी स्वतःच्या रुद्रवीणेचे भोपळे मोठे करवून घेतले, तारा जाड लावल्या, का तर हवा तेवढा खोल सूर मिळावा. त्यांच्याकडे ध्रुपद शिकून अमेरिकेच्या नॅन्सी लेश यांनी ते चेलोवर वाजवलं. कान्ह्याहून लोकलनं लोणावळ्याला जाताना मला हटकून वाटतं, घाट उतरलं की एवढं सगळं घडलं आणि आपल्या कानावर काही नाही!

गेल्या पावसाळ्यात आमच्या भजनी मंडळात मी मोबाइलवर सास्कियांचा एक आलाप लावला. चेलो आहे हे सांगितलंच नाही. आमच्या पेटी वाजवणाऱ्या काकूंनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “कोण गातंय गं ही? शब्द का नाही म्हणत?” मग मी फोटो दाखवला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी खाली बसायला सक्त मनाई केलेली. मंडळात सगळ्या खाली बसणार आणि आपण वर कसं बसायचं, म्हणून त्यांनी पेटी सोडल्यातच जमा होती. म्हणाल्या, “ही गोरी बाई एवढ्या मोठ्या वाद्याला खाली आणते, मग माझी पेटी वर न्यायला काय हरकत आहे?”

पुढच्या एकादशीला काकूंची पेटी शाळेच्या बाकावर आणि काकू खुर्चीत. दोन-चार जणींनी कुजबुज केली, पण पहिल्या अभंगाला टाळ वाजले नि कुजबुज विरली.

बाईनं कसं बसावं हे ठरवायला सगळे तयार असतात. सूर मात्र फक्त एवढंच बघतो, की तो नीट लागला की नाही.