रस्ता चढला, उंबरा बुडाला

इन्सुलीवरून बांद्याकडे व पुढें गोव्याला जाणारा हमरस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 17 आणि आतांचा 66, आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. अशा रस्त्यालगतच्या बाजारपेठेंत जुन्या डांबरावर नवें डांबर चढत गेलें, कीं रस्ता उंच होतो आणि दुकानाचा उंबरा खालीं राहतो. कोंकणांत वर्षाकाठीं सुमारें 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तें पाणी मग धान्याच्या पोत्यांपर्यंत पोहोंचतें. उपाय साधा आहे. आधीं जुना थर खरवडावा, मध्यापासून कडेला 40 फुटांस 1 फूट असा उतार ठेवावा आणि गटार डांबरापूर्वीं बांधावें. श्रोतेहो, रस्त्याचा गुळगुळीतपणा वाखाणण्यापूर्वीं उंबऱ्याची उंची अवश्य पाहावी.