रपेट हातच्या गिअरची

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास, एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त, तापीकाठच्या सारंगखेड्यास घोड्यांचा जो बाजार भरतो, त्यात जातिवंत गिऱ्हाईक किंमत विचारण्यापूर्वी जनावराचे दात पाहते, देवमण आहे की नाही, भोवरे कोठे पडले आहेत याची खातरजमा करून घेते, आणि एवढा सोपस्कार झाल्यावरही, स्वतः मांड ठोकून एक फेरी मारल्याखेरीज बयाणा देत नाही. कोरीट काय किंवा नंदुरबार तालुक्यातील दुसरे कोणतेही गाव काय, या मुलखातल्या माणसांना अशी पारख नव्याने शिकवावी लागत नाही. परंतु मिरची, कापूस किंवा पपईचे चार पैसे गाठीस बांधून तोच मनुष्य मोटारीच्या शोरूममध्ये पाऊल टाकतो, तेव्हा ती पारख बहुधा उंबऱ्याबाहेर राहते, आणि पडदा किती इंचांचा आहे, छताला काच आहे की नाही, एवढ्यावर लाखो रुपयांचा व्यवहार ठरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याला केवळ बाजारहाट करावयाचा आहे त्याच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. मात्र ज्याला दमदार गाडी हवी आहे, आणि त्या दमाचा आस्वाद घ्यावयाचा आहे, त्याने गिअर स्वतःच्या हाताने टाकावा लागेल अशीच गाडी घ्यावी, आणि ती नवी कोरी मिळते आहे तोवर घ्यावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

दमदार गाड्यांचा जो एक विशिष्ट वंश ‘मसल कार’ या नावाने जगभर प्रसिद्ध आहे, त्याचा उगम अमेरिकेत 1964 साली झाला असे सामान्यतः मानले जाते. जनरल मोटर्स कंपनीचा असा दंडक होता की, मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये. तिच्याच पाँटिअॅक शाखेतील अभियंत्यांनी, ज्यांत जॉन डीलोरियन हे प्रमुख होते, त्या दंडकातून अशी वाट काढली की, नवी गाडी म्हणून नव्हे तर जुन्याच गाडीवरील एक ऐच्छिक साज म्हणून, 389 घन इंचांचे म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन देऊ केले, आणि त्यास जी.टी.ओ. हे नाव दिले. त्याच वर्षी एप्रिलच्या 17 तारखेस फोर्डची मस्टँग न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. मोठे इंजिन, मध्यम बांधा, दोन दारे, मागच्या चाकांना ओढ आणि तरुण पगारदारास झेपेल अशी किंमत, ही या वंशाची लक्षणे होत. 1970 च्या सुमारास विम्याचे हप्ते भडकले, धुरावर कायद्याचे निर्बंध आले, आणि 1973 च्या तेलसंकटाने पहिला बहर संपविला. पुढे तो पुन्हा आला, परंतु आता त्याचीही सांज झाली आहे. डॉजची चॅलेंजर डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली, शेव्हरोलेची कॅमॅरो 2024 च्या नमुन्यानंतर थांबली, आणि पाच लिटर, आठ सिलिंडर व हाताचे सहा गिअर अशी नवी गाडी दुकानातून विकत घेता येईल अशी त्या तिघींतील एकटी मस्टँगच आज उरली आहे.

आपल्याकडे या वंशाचा संबंध अगदीच आला नाही असे नाही. सेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्याच गाड्या जुळवीत असे, आणि डॉज ही त्याच क्रायस्लरची पाती. पण ज्या काळात क्रायस्लरने आपल्या बलदंड गाड्या घडविल्या, त्या काळात कुर्ल्यातून इटलीच्या फियाटच्या नमुन्यावरील लहान चणीची गाडी बाहेर पडत होती, आणि परवाना-पद्धतीच्या त्या दिवसांत तीसुद्धा वर्षानुवर्षे नोंदणीच्या यादीत थांबल्यावरच हाती येई. 1984 साली हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणली. लांब बॉनेट, रुंद पाठ, मागच्या चाकांना ओढ असे तिचे रूप अस्सल अमेरिकी वळणाचे होते, आणि म्हणून तिला अजूनही कौतुकाने भारताची मसल कार म्हणतात. परंतु त्या बॉनेटखाली आरंभी बसविलेले दीड लिटरचे इंजिन सुमारे 50 अश्वशक्तीचे होते, आणि रूप व दम यांची गाठ तिच्यात कधी पडली नाही. खरी मस्टँग भारतात अधिकृतपणे विकावयास आली ती 2016 साली, शोरूमची किंमत 65 लाख रुपये, आणि तीही केवळ ऑटोमॅटिक. उजव्या हाताच्या सुकाणूची आणि हाताच्या गिअरची मस्टँग इंग्लंडात मिळत असता भारतीय गिऱ्हाइकास ती मिळू नये, ही मला त्या काळी मोठी उणीव वाटली होती व आजही वाटते. परदेशातून स्वतः मागवू म्हटले, तर आयात जकात व इतर कर मिळून मूळ किमतीहून अधिक भरणा होतो, आणि गाडीची देखभाल नंदुरबारात कोण करणार हा प्रश्न राहतोच.

तेव्हा कोरीटच्या मनुष्याने या वंशाचे आपल्या मातीतले आप्त शोधावे हे उत्तम, आणि ते फार दूर नाहीत. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची थार, हिची नवी आवृत्ती 2 ऑक्टोबर 2020 रोजी, म्हणजे कंपनीच्या स्थापनेस पंचाहत्तर वर्षे पुरी झाली त्या दिवशी, विक्रीस आली. तिच्या दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनास कंपनीने वळू घोड्यावरून नाव दिले आहे, आणि ते इंजिन 150 अश्वशक्ती व हाताच्या गिअरसह 300 न्यूटन-मीटर इतकी पिळशक्ती (टॉर्क) देते, 2.2 लिटरचे डिझेल इंजिन 130 अश्वशक्तीचे आहे. थार ही मसल कार नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती उंच आहे, शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बसविली आहे, आणि वळणावर मस्टँगसारखी जमिनीला चिकटून राहात नाही. वेगाच्या नादात हे विसरणाऱ्यास ती क्षमा करीत नाही. तथापि दोन दारे, बांध्याच्या मानाने दणकट इंजिन, मागच्या चाकांची ओढ, हाताचे सहा गिअर आणि मध्यमवर्गाने चार वर्षे पोट आवळल्यास आवाक्यात येणारी किंमत, ही लक्षणे तपासून पाहिली असता, आज भारतात तयार होणाऱ्या गाड्यांत त्या अमेरिकी वंशाशी तिच्याइतके साम्य दुसऱ्या कोणत्याही गाडीचे मला आढळत नाही. ज्यास बसकी सेडान हवी त्याने पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचा दीड लिटरचा हाताच्या गिअरचा प्रकार पाहावा. तिचीही शक्ती 150 च्या घरात आहे, मात्र ओढ पुढच्या चाकांना.

आता गिअर हाती असणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने पाहू. इंजिनाची पिळशक्ती ठराविक फेऱ्यांच्या टापूतच भरपूर असते. थारच्या पेट्रोल इंजिनात ती मिनिटास साधारण 1250 ते 3000 फेऱ्यांच्या दरम्यान पुरी मिळते. चाकांची गती मात्र शून्यापासून शंभरापर्यंत वाटेल तशी बदलत असते. या दोहोंचा मेळ घालणे हे गिअरपेटीचे काम. पेटीतील दातेरी चाके एकमेकांत सदैव गुंतलेलीच असतात. आपण दांडा सरकवितो तेव्हा एक कडे पुढे जाऊन हव्या त्या चाकास दांडीशी जखडते, आणि जखडण्यापूर्वी बहुधा पितळेची असणारी एक निमुळती कडी घासून दोन्हींची गती समान करते. सिंक्रोमेश म्हणतात ती हीच युक्ती. ती 1928 साली कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. तत्पूर्वीच्या चालकास ही समानता स्वतःच्या कानाने व पायाने साधावी लागे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या पहिल्या गिअरला ही सोय नव्हती. ज्या पिढीने खानदेशच्या धुळीच्या वाटांवर जुन्या जीपगाड्या हाकल्या, तिला दोनदा क्लच दाबून, मधल्या क्षणी अॅक्सिलरेटरला हलकासा स्पर्श करून गिअर खाली घेणे अंगवळणी पडले होते, आणि त्या चालकांचा गिअर कधी कुरकुरत नसे.

ही विद्या आजच्या गाडीत अनिवार्य नसली तरी निरुपयोगी झालेली नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना इंजिनाला अधिक वेगाने फिरावे लागते. क्लच दाबला असता, सोडण्यापूर्वी, उजव्या पायाने नेमका तेवढाच रेटा दिला, तर गाडी हिसका न देता, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे सरते. हा क्षण साधला की चालकाला आपण व यंत्र यांमध्ये अंतर उरले नाही असे वाटते, आणि हा आनंद, माझ्या मते, कमाल वेगाच्या आनंदाहून किती तरी मोठा आहे. आजची ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलण्यात माणसाहून वेगवान आहे, हे निर्विवाद; प्रश्न वेगाचा नसून सहभागाचा आहे.

त्या सहभागाची परीक्षा करावयाची तर तोरणमाळ गाठावे. नंदुरबारहून प्रकाशा गावच्या पुलावरून तापी ओलांडून, शहादा, म्हसावद मागे टाकीत, सपाटीचा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याशी येतो. तेथवर गाडी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये सुस्त धावते आणि दोन्ही बाजूंस ऊस, केळी, पपई हीच सोबत. घाट सुरू झाला की चित्र पालटते. सुमारे 1,150 मीटर उंचीच्या पठारावर चढणाऱ्या त्या वळणांत, ज्यांतील एका टप्प्यास सात पायरी म्हणतात, वळणापूर्वीच गिअर खाली घेऊन ठेवला पाहिजे. वळणाच्या मध्यावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडणे हे भित्र्या चालकाचे लक्षण, आणि ते धोक्याचेही. समोरून जीप आली व चढावर थांबावे लागले, तर हातब्रेक ओढून, क्लच सावकाश उचलीत, इंजिनाचा सूर किंचित उतरेपर्यंत व बॉनेटचे नाक तसूभर उठेपर्यंत थांबावे, आणि त्याच क्षणी हातब्रेक सोडावा. गाडी बोटभरही मागे येत नाही. उतरताना, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा घाटातल्या ड्रायव्हर मंडळींचा जुना दंडक शास्त्रशुद्ध आहे. इंजिनाचा अवरोध वेग आवरतो, ब्रेक तापून निकामी होत नाहीत, आणि न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचविण्याची कल्पना तर जीवघेणीच.

खरेदीचा तपशील आता सांगतो. चाचणीसाठी शोरूमचा मनुष्य गाडी शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरून फिरवून आणतो. त्यावर समाधान मानू नये. क्लच कोठे पकडतो, दांडा थंड इंजिनावर दुसऱ्यात सहज जातो काय, चढावर तिसऱ्यात गाडी दम टाकते की ओढते, हे स्वतः चालवून पाहावे. हाताचा गिअर असलेली गाडी ‘मागवावी लागेल’ असे सांगून हाताशी असलेली ऑटोमॅटिक गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला, तर थांबावे. नोंदणीच्या अर्जावर प्रकार स्पष्ट लिहून पावती घ्यावी. गाडी आली की पासिंगपूर्वी दिवसाच्या उजेडात पाहणी करावी: चौकटीवरील सतरा अक्षरांचा क्रमांक कागदपत्रांशी रुजू करावा, आणि टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत, ज्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. चारही टायर एकाच सुमाराचे नसतील तर त्याचे कारण विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे.

करांचा हिशेब समजून घेणेही अगत्याचे, कारण त्याने निवड बदलू शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराची फेररचना झाली: चार मीटरच्या आतील गाडी, पेट्रोलचे इंजिन 1200 किंवा डिझेलचे 1500 घन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर 18 टक्के; त्याहून मोठी असेल तर 40 टक्के. थारची लांबी चार मीटरच्या आत बसते. म्हणून दीड लिटरच्या डिझेल इंजिनाची, मागच्या चाकांना ओढ असलेली थार पहिल्या वर्गात पडते, आणि दोन लिटरची पेट्रोल थार दुसऱ्यात. दीड लिटरच्या त्या डिझेलचीही पिळशक्ती 300 न्यूटन-मीटर आहे, अश्वशक्ती मात्र 117. काटकसरी मनुष्यास ती पुरेशी ठरेल, आणि ती आजवर हाताच्या गिअरनेच मिळत आली आहे. त्यावर राज्याचा एकरकमी मोटारकर: व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडीस 10 लाखांपर्यंत 11 टक्के, पुढे 20 लाखांपर्यंत 12, डिझेलला याच टप्प्यांवर 13 व 14. मग विमा, आणि अखेरीस नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाचा एम.एच. 39 हा क्रमांक.

पुण्या-मुंबईच्या रोजच्या कोंडीत तासन्‌तास क्लच दाबीत बसणाऱ्यास, किंवा गुडघ्याने साथ सोडलेल्या वडीलधाऱ्यास, मी ऑटोमॅटिकच सुचवीन. कोरीटची गोष्ट वेगळी आहे. येथे रस्ते मोकळे, घाट जवळ, आणि वाहतुकीची रांग क्वचितच लागते. दाराशी अशी परिस्थिती असलेल्या मनुष्याने केवळ शहरी चाल म्हणून गिअर सोडून द्यावा, याला मला तरी आधार दिसत नाही. नव्या गाडीची पहिली हजारेक किलोमीटर इंजिनाला फार ताणू नये, एकाच वेगात फार वेळ ठेवूही नये. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय लावून घेऊ नये, कारण क्लच-प्लेट तेथेच जळते. गिअर टाकल्यावर डावा पाय पेडलवरून उचलून बाजूस ठेवावा, आणि हात दांड्यावर विसावू न देता सुकाणूवर परत न्यावा. एवढे पथ्य पाळले तर तोच क्लच अनेक वर्षे टिकतो, आणि घरातील मुलगा अथवा मुलगी अठरा वर्षांची झाली की त्याच गाडीवर तिला गिअर शिकविता येतात.